उकिरड्यातलं सातवं प्रकरण

बँकेत केवायसीचा फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यात मी 'साफसफाई' असं लिहिलं. काउंटरमागच्या मुलीने एकदा फॉर्मकडे पाहिलं, एकदा माझ्या इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या सोसायटीत, काकू?"

"पुस्तकांत," मी म्हटलं.

"म्हणजे लायब्ररीत का?"

मागे रांग होती. मी 'हो' म्हणून मोकळी झाले. गेली कित्येक वर्षं मी असंच खोटं बोलत आलेय, कारण खरं सांगायला किमान दोन कप चहा लागतो. या अंकाच्या संपादकांनी यंदा मला पानं दिली आहेत, तेव्हा चहा तुमचा तुम्ही करून घ्या, मी सांगते.

मी लोकांच्या ई-पुस्तकांतला कचरा काढते. हल्ली पुस्तक काढायला प्रकाशक लागतोच असं नाही. माणूस निवृत्त होतो, पहिले सहा महिने घरातले माळे आवरतो, मग बायको त्याला माळ्यावरून खाली उतरवते आणि तो आत्मचरित्र लिहायला घेतो. ते संगणकावर टाइप करून इंटरनेटवर स्वतःच पुस्तक म्हणून चढवता येतं. चढवल्यावर तो मोठ्या हौसेने मोबाइलवर उघडून पाहतो, तर पहिलं पान कोरं, दुसरं कोरं, तिसऱ्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात एकटं 'श्री'. मग कुणीतरी त्याला माझा नंबर देतं.

लिहिणाऱ्याला पडद्यावर फक्त अक्षरं दिसतात. त्या अक्षरांच्या मागे यंत्रासाठी सूचना लिहिलेल्या असतात. इथून अक्षर जाड करा, इथे जाड करणं थांबवा, इथे नवा परिच्छेद. या सूचना म्हणजे कोड. शहाण्या फाइलमध्ये एका परिच्छेदाला एक सूचना पुरते. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत एकेका शब्दाला चार-चार असतात. जाड करा, थांबवा, परत जाड करा, परत थांबवा, आणि एवढी मारामारी ज्याच्यासाठी चालली आहे तो शब्द कुठला, तर 'व'.

लेखक हे मुद्दाम करत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर उचलून फाइलमध्ये चिकटवला की त्याच्याबरोबर तिथली धूळही येते. एखादा फॉन्ट लावून पाहिला, नाही आवडला, काढून टाकला, तरी येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही खुणा मागे राहतात. यंत्र आमच्या थोरल्या वन्संसारखं आहे. ते काही विसरत नाही. कागदावर छापलं तर यातलं काही दिसत नाही, पण मोबाइलवर पुस्तक उघडलं की हा सगळा कचरा एकदम अंगात येतो. अक्षर मोठं करता येत नाही, ओळी मध्येच तुटतात, प्रकरणाचं नाव एका पानावर आणि प्रकरण तिसऱ्याच पानावर. तिथे मी झाडू घेऊन उभी असते.

हे काम शिकवायला कुणी नव्हतं. नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात मी वीस वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, पतसंस्थांचे अहवाल. छापखाना बंद पडल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांची फाइल सहज म्हणून नीट करून दिली आणि त्यांनी ते गावभर सांगितलं. तेव्हापासून सिडकोतल्या आमच्या घराची गॅलरी हे माझं ऑफिस. आमचे हे, म्हणजे मधुकर, एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेत. ते सुरुवातीला विचारायचे, "जे दिसतच नाही ते काढायचे लोक पैसे देतात?" मी म्हणायचे, "तुम्ही तीस वर्षं जे केलंत ते तरी कुणाला दिसलं?" आता विचारत नाहीत.

गिऱ्हाइकं एकेक नग. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते. त्यांचं अख्खं पुस्तक जाड अक्षरांत, आणि वर अधोरेखित. मी म्हटलं, "साहेब, सगळंच जाड केलं की काहीच जाड दिसत नाही. महत्त्वाचं तेवढं ठेवू या." ते म्हणाले, "सगळंच महत्त्वाचं आहे." मी म्हटलं, "'मग आम्ही चहा प्यायलो' हेसुद्धा?" ते गंभीर होऊन म्हणाले, "तो चहा कुणाबरोबर होता ते पुढच्या पानावर आहे." पुढचं पान पाहिलं. चहा एका मंत्र्याबरोबर होता. तो चहा मी जाड ठेवला, बाकी सगळं बारीक केलं. साहेब दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

गंगापूर रोडच्या एक कवयित्री होत्या. त्यांनी स्पेसबार दाबून दाबून ओळी अशा सरकवल्या होत्या की कवितेचा आकार द्राक्षाच्या घडासारखा दिसावा. संग्रहात चाळीस कविता, चाळीस घड. संगणकावर दिसायचे छान, पण मोबाइलवर वाचणाऱ्याने अक्षर जरा मोठं केलं की सगळे मणी खाली. मी त्यांना ते करून दाखवलं. त्या पाहतच राहिल्या आणि म्हणाल्या, "अवकाळी पडला हो माझ्या कवितांवर." एवढं ताजं वाक्य त्यांच्या चाळीस घडांत कुठे नव्हतं, पण मी ते बोलले नाही. एक घड चित्र म्हणून मुखपृष्ठावर घेतला आणि बाकी ओळी सरळ उभ्या केल्या.

माझ्या हातूनही माती झालेली आहे. अगदी सुरुवातीला एका कादंबरीतल्या रिकाम्या ओळी मी एका झटक्यात उडवल्या. लोक परिच्छेदानंतर सवयीने तीन-चार वेळा एंटर मारतात, मला वाटलं हेही तसंच. पण त्या लेखकाने रिकामी ओळ सोडली की मध्ये काळ जायचा, हे माझ्या लक्षातच आलं नाही. परिणाम असा झाला की नायकाने वडिलांच्या चितेला अग्नी दिला आणि पुढच्याच ओळीत तो मिसळीवर जास्तीचा रस्सा मागायला लागला. लेखकाच्या मेहुण्याने फोन करून विचारलं की ही विनोदी कादंबरी आहे का. मी माफी मागून सगळ्या ओळी परत घातल्या.

यातून मी शहाणी झाले असं तुम्हाला वाटेल. झाले नाही. मी फक्त जास्त चलाख झाले, आणि दोन नियम केले. पहिला नियम, साफ करताना मजकूर वाचायचा नाही. वाचायला लागलं की माणूस गुंततो आणि हात थांबतो. कोड पाहायचा, जागा पाहायची, पुढे जायचं. दुसरा नियम, काम झालं की मूळ फाइल पुसून टाकायची. माझ्याकडचीही आणि गिऱ्हाइकाकडचीही. कारण एकदा एका लेखकाच्या जावयाने साफ केलेली सोडून जुनीच फाइल चढवली होती आणि शिव्या मला बसल्या होत्या. तेव्हापासून मी लोकांचे पेनड्राइव्हसुद्धा स्वतः धुऊन द्यायचे. 'मी पुसलं की काही राहत नाही' हे माझं आवडतं वाक्य होतं. मी ते लग्नाकार्यातसुद्धा बोलायचे.

फक्त एक अपवाद. माझ्या संगणकावर एक फोल्डर होतं, त्याचं नाव 'उकिरडा'. एखाद्या फाइलमध्ये अगदीच भयंकर कचरा सापडला की तेवढा तुकडा मी नमुना म्हणून तिथे टाकायचे. दिवाळीत छापखान्यातली जुनी मंडळी फराळाला आली की आम्ही उकिरडा उघडायचो आणि चकली खात खात हसायचो. चांगली गोष्ट नव्हे, पण सुतार दुसऱ्याच्या वाकड्या खिडकीला हसतोच.

आता यासीनभाईंबद्दल सांगते. खरं म्हणजे मला त्यांच्याबद्दलच सांगायचं होतं, बाकीचं वाट काढत आले.

यासीनभाई नामपूरचे. कांद्याच्या मार्केटजवळ त्यांचं बारदानाचं दुकान. बारदान म्हणजे रिकाम्या गोण्या. जुन्या, फाटक्या गोण्या विकत घ्यायच्या, झटकायच्या, शिवायच्या आणि कांद्याच्या हंगामात व्यापाऱ्यांना पुरवायच्या. विकण्याचं काम यासीनभाईंचं, शिवण्याचं त्यांच्या पत्नीचं, जुबेदाभाभींचं. पुढे प्लास्टिकच्या जाळीच्या गोण्या आल्या आणि धंदा बसला, तेव्हा यासीनभाई त्या धंद्यावर पुस्तक लिहायला बसले. तीन वर्षं लिहिलं. मग दोघं एसटीने नाशिकला आले, एका गोणीत कांदे आणि रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह घेऊन.

"लय मेहनत हाय ताई याच्यात," यासीनभाई म्हणाले. "एका बोटानं लिवलंय."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. त्यामुळे मुलाच्या संगणकावर अक्षर दुकानाच्या पाटीएवढं मोठं करून लिहायचे, पडद्यावर एका वेळी सहा शब्द. लिहिलेलं स्वतः परत वाचणं शक्यच नव्हतं.

"मी काना-मात्रा बघते फक्त," भाभी म्हणाल्या. त्या सटाण्याच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या. "पोरगा यांची फाइल माझ्या फोनवर टाकून देतो, झालं की परत घेतो. दुपारी शिवण झालं की बसते थोडा वेळ."

"हिला सांगून ठेवलंय मी, एक शब्द बदलायचा नाय," यासीनभाई म्हणाले.

भाभी आमच्या पंख्याकडे बघत बसल्या.

फाइल उघडली आणि मी कपाळाला हात लावला. पण कचऱ्याला जात असते. संगणकावरून आलेला कचरा वेगळा, फोनवरून आलेला वेगळा. कुत्र्याची आणि मांजराची पावलं ओळखू यावीत इतक्या सहज मला ते कळतं. या फाइलमध्ये संगणकावरचा होताच, पण फोनवरचा जागोजागी. काना-मात्रा दुरुस्त करायला एवढे हात फिरत नाहीत. अख्खी वाक्यंच्या वाक्यं फोनवरून आलेली होती.

मी भाभींना फोन केला. म्हटलं, "भाभी, तुम्ही नुसत्या काना-मात्रा बघितलेल्या नाहीत."

 पलीकडून हसू आलं. "तुम्हाला दिसतं का ते?"

"मला सगळं दिसतं."

"आणि बाकीच्या लोकांना?"

"मी साफ केल्यावर मलासुद्धा दिसणार नाही."

"मग करा, ताई. चांगलं करा. ठिगळ दिसायला नको. गोणी उलटी करून बघितली तरी कळायला नको, असं पाहिजे."

माझ्या कामाचं मर्म इतकं नेमकं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी खूश झाले. त्यांनी काय लिहिलं आहे ते पाहण्याचा मला मोह झाला नाही, कारण नियम पहिला. मी झटून साफ केलं. अकरा प्रकरणं, आरशासारखी. सातव्या प्रकरणात एका जागी तर असला उकिरडा निघाला की मी मधुकरांना हाक मारून दाखवलं. दोन वाक्यं, आणि त्यांच्याभोवती अडीच पानं नुसत्या सूचना. सुरू करा, बंद करा, सुरू, बंद, आणि मध्ये काहीच नाही. आम्ही दोघं हसलो. ते अख्खं प्रकरण मी नमुना म्हणून ठेवून दिलं, आणि बाकी मूळ फाइल नियम दुसरा याप्रमाणे पुसून टाकली. त्यांचा पेनड्राइव्हही धुतला आणि त्यावर नवं कोरं पुस्तक घालून दिलं. पुस्तक निघालं. नामपूर-सटाण्याकडच्या बऱ्याच लोकांनी वाचलं. यासीनभाईंनी फोन करून दुआ दिल्या.

त्यानंतर दीडेक वर्षाने एके दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. यासीनभाई एकटेच. डोळ्याला बारीकसा चष्मा.

"भाभी?" मी विचारलं.

"गेली, ताई. रमजानच्या आधी. दोन दिवसांचा ताप."

मी त्यांना बसवलं. मधुकर पाणी घेऊन आले आणि उभेच राहिले. यासीनभाई पाणी प्यायले आणि त्यांनी पेला नीट बाजूला ठेवला.

"ती गेल्यावर डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. ती होती तोवर गरज नव्हती. मग पोरानं मोबाइलवर पुस्तक उघडून दिलं. अक्षर मोठं करून वाचलं. माझंच पुस्तक, पहिल्या वेळेला वाचलं."

आणि मी काय विचारावं? माझ्या तोंडून निघालं, "अक्षर मोठं केल्यावर ओळी तुटल्या नाहीत ना?" आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"नाय, एकदम साफ हाय," ते म्हणाले. मग त्यांनी मोबाइल काढला, सातवं प्रकरण उघडलं आणि माझ्यासमोर धरला. "हे वाचा."

ते प्रकरण आगीचं होतं. तीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात त्यांच्या बारदानाच्या गोडाउनला आग लागली आणि हंगामाचा सगळा माल जळाला. गाव जमलं, पण यासीनभाई ताठ उभे राहिले. आजही नामपुरात सांगतात म्हणे, यासीनचं सगळं जळालं पण डोळ्यातून टिपूस नाही. पुस्तकातही तेच होतं, 'त्या दिवशी मी गावासमोर रडलो नाही.' आणि त्याच्या पुढे आणखी दोन वाक्यं होती. 'घरी येऊन मोरीत गेलो, टाकीचा नळ पूर्ण सोडला आणि पाणी संपेपर्यंत रडलो. बाहेर आलो तेव्हा तोंड धुतल्यासारखं केलं.'

"पहिलं वाक्य माझं हाय," यासीनभाई म्हणाले. "पुढची दोन मी लिवली नाय. पण खरी हायत. शंभर टक्के खरी. ताई, ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाय. आईला नाय, भावाला नाय. तिला पण नाय. मग ही पुस्तकात आली कुठून?"

मी ती तीन वाक्यं परत वाचली.

"पोरगा म्हणतो, अब्बा, तुम्हीच लिहिलं असेल, विसरले असाल. आता विसरतो मी, खरं हाय. परवा दुकानाची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. पण मला सांगा, असं लिहून माणूस विसरतो का? एक तर माझं डोकं गेलंय, नाय तर तिला तीस वर्षं माहीत होतं. याच्यातलं काय ते मला पाहिजे. तुम्ही म्हणाला होता ना तिला, तुम्हाला दिसतं म्हणून? तिनं मला हसत हसत सांगितलं होतं, नाशिकच्या ताईला सगळं दिसतं."

त्यांच्या मोबाइलवरची फाइल मी उघडून पाहिली. ती माझीच होती, आरशासारखी. तिन्ही वाक्यं एकाच सूचनेत, शिस्तीत बसलेली. त्यांच्यात काडीचा फरक नव्हता. गोणी उलटी केली, सुलटी केली, ठिगळ कुठे ते मलाही सांगता येईना.

"पेनड्राइव्हवर जुनी फाइल?" मी उगाच विचारलं. तो मीच धुतला होता.

"नाय. पोराचा संगणक पण भंगारात गेला."

"भाभींचा फोन?"

"धाकट्या सुनेनं वापरायला घेतला. सगळं काढून टाकलं त्याच्यातलं."

म्हणजे दोन बायकांनी मिळून जुबेदाभाभींचा हात या जगातून पुसला होता, एक त्यांची सून आणि दुसरी मी. सुनेला निदान माहीत नव्हतं.

यासीनभाई उठायला लागले. "जाऊ द्या, ताई. तुमचं कामच ते." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा मधुकर म्हणाले, "अगं, ते हसलो होतो आपण, ते कुठलं?"

मला एकदम आठवलं, आणि आठवल्याबरोबर घाम फुटला. कारण आता उकिरडा यासीनभाईंसमोर उघडावा लागणार होता. संगणक गॅलरीत, ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर, आणि डोळे नुकतेच स्वच्छ झालेले. मी फोल्डर उघडलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "उकिरडा." मग आतल्या फायलींवरून त्यांचं बोट फिरलं आणि एकावर थांबलं. "यासीनभाई भयानक. हे मी का?"

"हो," मी म्हटलं. "माफ करा. आम्ही याला हसायचो."

त्यांनी चष्मा सारखा केला. "भयानक तर भयानक," ते म्हणाले, "पण हाय ना? उघडा."

मी उघडलं. एवढी वर्षं झाली, मी कोड वाचत आलेय, पण त्या दिवशी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. 'त्या दिवशी मी गावासमोर रडलो नाही' हे वाक्य होतं संगणकावरचं. पाटीएवढ्या अक्षराची सूचना तशीच शाबूत. पुढची दोन वाक्यं फोनवरची होती. दोन्ही, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

"भाभींची आहेत," मी म्हटलं. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे."

यासीनभाईंनी मान हलवली, पण डोळे पडद्यावरच. "आणि हे बाकीचं काय हाय? एवढं सगळं?"

तेव्हा मी ती अडीच पानं पहिल्यांदा नीट पाहिली. हसण्यासाठी पाहिली होती, ते वेगळं. माणूस फाइल उघडतो, एका जागी काही लिहितो, पुसतो, बंद करतो. दुसऱ्या दिवशी परत उघडतो, तिथेच परत लिहितो, परत पुसतो. काय लिहिलं होतं ते राहत नाही. येऊन गेल्याची तेवढी खूण राहते, सुरू आणि बंद, मध्ये काही नाही. मी पेन्सिल घेऊन मोजायला लागले. यासीनभाई पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होते. मधुकर दाराला टेकून उभे होते.

"चौदा वेळा," मी म्हटलं. "भाभी या जागी चौदा वेळा आल्या. लिहिलं आणि पुसलं. चौदाव्या वेळेला ठेवलं."

"चौदा?" यासीनभाई म्हणाले. "आणि मला सांगायची, डोळे दुखतात, एका दुपारी दोन पानांच्या वर होत नाय माझ्याच्यानं." ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला आणि धोतरासारखा मोठा रुमाल काढून बराच वेळ डोळे पुसत राहिले.

मग म्हणाले, "आमच्या टाकीचं पाणी चार दिवस पुरवायला लागायचं, ताई. घरात कुणी नळ जरा जास्त सोडला तर तिचा आवाज मार्केटपर्यंत यायचा. पोरांना मारलंय तिनं त्याच्यावरून. त्या दिवशी मी अख्खी टाकी सोडली. बाहेर आलो तर ती दाराशी गोणी शिवत बसली होती. एक शब्द बोलली नाय. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

मी नाक ओढत विचारलं, "पुस्तकातून ती वाक्यं काढायची आहेत का?" गावभर झालेलं त्यांचं नाव, टिपूस न काढणारा माणूस, हे सगळं त्या दोन वाक्यांनी पाण्यात जात होतं.

"चौदा वेळा विचार करून ठेवलंय तिनं. मी कोण काढणारा?"

बाकीच्या दहा प्रकरणांचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं की ती गेली, त्यांत भाभी कुठे आहेत ते आता कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी त्या अडीच पानांची कागदावर प्रिंट मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मी कचरा छापला. त्यावर लाल पेनने चौदा जागी गोल करून दिले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी प्रत्येक गोलावर बोट ठेवून पाहिलं, आणि कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना ते थांबले आणि अगदी साध्या आवाजात, जसं एक धंदेवाला दुसऱ्याला विचारतो तसं त्यांनी विचारलं, "ताई, बाकीच्या लोकांचं तुम्ही कसं पुसलंय? थोडंफार राहिलंय का कुठं?"

"नाही, यासीनभाई," मी म्हटलं. "मी पुसलं की काही राहत नाही."